वर्डमध्ये नेमकी आकृती कशी काढावी: बहिर्वक्र भिंगाच्या किरणाकृतीचे उदाहरण

विज्ञानाच्या चाचणीत आकृती टाकायची झाली की बहुतेक जण इंटरनेटवरून एखादे चित्र उचलतात आणि चिकटवतात. नाहीतर जागा मोकळी सोडून झेरॉक्सला देण्याआधी पेनाने काढतात. उचललेले चित्र छापताना धूसर होते, त्यावरची नावे इंग्रजीत असतात आणि त्यातली अंतरे बरोबर आहेत का हे कोणी पाहिलेले नसते. पेनाने काढलेली आकृती पुढच्या वर्षी पुन्हा काढावी लागते. खरे तर ज्या वर्डमध्ये आपण प्रश्नपत्रिका टाइप करतो, त्यातच रेषा, बाण, वर्तुळे आणि चौकोन तयार असतात. त्यांतून शाळेला लागणाऱ्या बहुतेक आकृत्या स्वच्छ काढता येतात.

नवीन माणसाला अडचण येते ती माउसने ओढून आकृती जुळवण्यात. रेषा इथे टेकते, तिथे सुटते, पुन्हा ओढली की तिरकी होते. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: आकार माउसने फक्त आणायचा, जागेवर बसवायचा तो आकड्यांनी. वर्डमधल्या प्रत्येक आकाराला उंची, रुंदी आणि पानावरची जागा सेंटिमीटरमध्ये लिहून देता येते. ही सोय वापरली की हात स्थिर असण्या-नसण्याचा प्रश्न उरत नाही.

उदाहरण म्हणून दहावीच्या अभ्यासक्रमातली बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती घेऊ. ती मुद्दाम निवडली आहे. हुशार मुले अशा आकृतीवर पट्टी ठेवून मोजतात, आणि त्यांनी मोजावे असेच आपल्याला वाटते. छापील आकृतीत किरण नाभीच्या (अक्षाला समांतर किरण भिंगातून गेल्यावर जिथे मिळतात त्या बिंदूच्या) जरा बाजूने गेला असेल, तर नीट मोजणारे मूलच गोंधळात पडते.

आधी कागदावर आकडे

संगणक सुरू करण्याआधी पाच मिनिटे कागद-पेन्सिल घ्या. भिंगाचे नाभीय अंतर ३ सेंमी धरू. वस्तू भिंगापासून ४.५ सेंमीवर, म्हणजे एफ१ (वस्तूच्या बाजूची नाभी) आणि २एफ१ (तिच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू) यांच्या मधोमध ठेवू. भिंगाच्या पलीकडचे तसेच बिंदू म्हणजे एफ२ आणि २एफ२. वस्तूची उंची १.५ सेंमी. अंतरांचे फक्त आकडे घेतले, तर १/३ मधून १/४.५ वजा केल्यावर १/९ उरतात. म्हणजे प्रतिमा पलीकडे ९ सेंमीवर, वस्तूच्या दुप्पट अंतरावर येते. म्हणून तिची उंचीही दुप्पट, ३ सेंमी, आणि ती उलटी. २एफ२ च्या पलीकडे, वास्तव, उलट आणि मोठी: पाठात आहे तसेच.

आता हे पानावर बसवायचे. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद असतो. दोन्ही बाजूंना २.५४ सेंमी समास सोडला तर मजकुराला साधारण १५.९ सेंमी उरतात. वस्तूपासून प्रतिमेपर्यंत १३.५ सेंमी लागतात, म्हणजे आकृती आरामात मावते. भिंग पानाच्या डाव्या कडेपासून ९ सेंमीवर ठेवू आणि मुख्य अक्ष पानाच्या वरच्या कडेपासून ८ सेंमीवर. एवढे ठरले की बाकीच्या जागा आपोआप ठरतात. डाव्या कडेपासून वस्तू ४.५ वर, एफ१ ६ वर, २एफ१ ३ वर, एफ२ १२ वर, २एफ२ १५ वर आणि प्रतिमा १८ वर.

प्रश्नपत्रिका दोन रकान्यांची असेल तर यातला प्रत्येक आकडा निम्मा करा. प्रमाण तेच राहते, त्यामुळे किरणही तिथेच मिळतात.

फाइलची तयारी

आकृती थेट प्रश्नपत्रिकेत काढू नका. नवी कोरी फाइल उघडा आणि तिला ओळखता येईल असे नाव द्या, उदाहरणार्थ ‘भिंग-एफ-आणि-२एफ-मध्ये’. मजकुराच्या मध्ये आकृती काढायला गेलात, तर एक ओळ वाढली की काढलेले आकार खाली सरकतात आणि आकडे बिघडतात.

मापे इंचात दिसत असतील तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असे जा. तिथे खाली डिस्प्ले विभागात मापाचे एकक सेंटिमीटर करा. लेआउट टॅबमधून कागद ए-फोर आहे ना, हेही पाहून घ्या.

पहिली रेषा सावकाश

इन्सर्ट टॅबमध्ये शेप्स आहे. त्यातली साधी रेषा निवडा. पानावर डावीकडून उजवीकडे ओढताना शिफ्ट दाबून धरा म्हणजे रेषा सरळ आडवी राहते. कुठे आली, किती लांब झाली, याची आत्ता फिकीर नको.

रेषा निवडलेली असताना वर शेप फॉरमॅट नावाचा टॅब दिसतो. जुन्या आवृत्त्यांत तो ड्रॉइंग टूल्सखाली फॉरमॅट म्हणून येतो. त्याच्या उजव्या टोकाला दोन छोटे रकाने असतात, वरचा उंचीचा आणि खालचा रुंदीचा. उंची ०, रुंदी १५.८ लिहा. हा आपला मुख्य अक्ष.

आता जागा. रेषेवर राइट क्लिक करून मोर लेआउट ऑप्शन्स उघडा आणि पोझिशनच्या पानावर जा. हॉरिझाँटल खाली अ‍ॅब्सोल्यूट पोझिशन निवडून २.६ लिहा. शेजारच्या यादीत कॉलम असे काही असेल, ते बदलून पेज करा. व्हर्टिकल खालीही तसेच: ८ लिहा आणि यादीत पेज निवडा. ही यादी बदलायला बहुतेक जण विसरतात. मग एक आकार समासापासून मोजला जातो, दुसरा पानाच्या कडेपासून, आणि आकडे बरोबर असूनही काही जुळत नाही.

रेषेचा रंग सहसा निळा येतो. शेप आउटलाइनमधून तो काळा करा, जाडी १ पॉइंट ठेवा. मग रेषेवर राइट क्लिक करून सेट अ‍ॅज डिफॉल्ट लाइन म्हणा. यापुढे या फाइलमधली प्रत्येक नवी रेषा काळी आणि एकाच जाडीची येईल. आकृती सुबक दिसते ती सगळ्या रेषा अशा एकसारख्या असल्यामुळे.

बाकीचे आकार

पद्धत तीच: आणा, उंची-रुंदी लिहा, जागा लिहा. जागा म्हणजे आकाराच्या वरच्या डाव्या कोपऱ्याची जागा, हे पक्के लक्षात ठेवा. खाली ‘डावीकडून’ आणि ‘वरून’ म्हणजे पानाच्या कडेपासूनचे सेंटिमीटर.

भिंग: लंबगोल, रुंदी ०.६, उंची ७; डावीकडून ८.७, वरून ४.५. शेप फिलमध्ये नो फिल, नाहीतर आतले किरण झाकले जातील. बाह्यरेषा काळी, १.५ पॉइंट.

वस्तू: बाणाची रेषा खालून वर ओढा. रुंदी ०, उंची १.५, डावीकडून ४.५, वरून ६.५.

प्रतिमा: बाणाची रेषा वरून खाली ओढा. रुंदी ०, उंची ३. डावीकडून १८, वरून ८.

पहिला किरण, अक्षाला समांतर: रुंदी ४.५, उंची ०, डावीकडून ४.५, वरून ६.५.

तोच किरण भिंगानंतर: रुंदी ९, उंची ४.५; डावीकडून ९, वरून ६.५.

दुसरा किरण, प्रकाशीय केंद्रातून न वळता जाणारा: रुंदी १३.५, उंची ४.५, डावीकडून ४.५, वरून ६.५.

तिरके किरण डावीकडून वरून उजवीकडे खाली असेच ओढा. रेषेचा कल तुम्ही ओढला त्या दिशेने राहतो, उंची-रुंदीचे आकडे तो बदलत नाहीत. उलटा ओढला तर किरण वर चढताना दिसेल. तसे झालेच तर रोटेटच्या यादीतून फ्लिप व्हर्टिकल करा.

शेवटचा आकडा लिहून झाला की दोन्ही किरण प्रतिमेच्या टोकावर, बरोबर एकाच बिंदूत येऊन मिळालेले दिसतात, आणि पहिला किरण वाटेत एफ२ मधूनच जातो. आपण कुठेही डोळ्यांनी जुळवलेले नसते. न मिळाल्यास माउस लावू नका. कुठला तरी आकडा किंवा ती पेजची यादी चुकलेली असते, तेवढी शोधा.

तिसरा किरण हवा असेल तर वस्तूच्या टोकापासून एफ१ मधून जाणारी रेषा घ्या: रुंदी ४.५, उंची ४.५, डावीकडून ४.५, वरून ६.५. तो भिंगावर ११ वर पोहोचतो आणि तिथून अक्षाला समांतर जातो. म्हणून पुढची रेषा: रुंदी ९, उंची ०, डावीकडून ९, वरून ११. तोही त्याच बिंदूत येतो. भिंग ७ सेंमी उंच घेतले ते यासाठीच. दोनच किरण दाखवायचे असतील तर ५ सेंमी उंचीही पुरते. मग ते वरून ५.५ वर ठेवा.

नाभींच्या खुणांना ०.१६ सेंमीची बारीक वर्तुळे करा, काळ्या रंगाने भरलेली. ती सगळी वरून ७.९२ वर, आणि डावीकडून २.९२, ५.९२, ११.९२, १४.९२ वर. प्रत्येक जागेतून वर्तुळाची त्रिज्या, ०.०८, वजा केलेली आहे. एक वर्तुळ नीट करून घ्या. मग कंट्रोल दाबून ते ओढले की त्याची प्रत निघते, फक्त जागेचा आकडा बदलायचा.

किरणाच्या मधला बाण

पाठ्यपुस्तकात किरणाची दिशा दाखवणारा बाण रेषेच्या मधोमध असतो. वर्ड बाण देतो तो फक्त रेषेच्या टोकाला. यावर सोपा मार्ग म्हणजे त्याच किरणावर त्याच कलाची एक आखूड बाणरेषा ठेवणे. समांतर किरणावर रुंदी २.५, उंची ०. वळलेल्या किरणावर रुंदी ५, उंची २.५. केंद्रातून जाणाऱ्या किरणावर रुंदी ३, उंची १. तिन्हींची जागा आपापल्या मूळ किरणाचीच. कल तोच असल्याने आखूड रेषा खालच्या रेषेत मिसळून जाते आणि डोळ्याला फक्त मधला बाण दिसतो. उंची आणि रुंदी यांचे गुणोत्तर मूळ रेषेइतकेच ठेवा, मग कोणत्याही तिरक्या रेषेला हीच युक्ती चालते.

नावे मराठीत

इन्सर्टमधून टेक्स्ट बॉक्स, ड्रॉ टेक्स्ट बॉक्स असे जाऊन छोटी चौकट ओढा आणि ‘मुख्य अक्ष’ लिहा. फिल आणि आउटलाइन दोन्ही काढून टाका. एवढे केल्यावर मराठीत लिहिणाऱ्याला हमखास भेटणारी एक अडचण येते: अक्षरांच्या वरच्या वेलांट्या किंवा खालचे उकार कापले जातात. ‘किरण’ची वेलांटी अर्धी, ‘वस्तू’चा ऊकार गायब.

कारण असे की चौकटीला आतून समास असतो, डावी-उजवीकडे ०.२५ आणि वर-खाली ०.१३ सेंमी. त्यात परिच्छेदानंतरची मोकळी जागाही धरली जाते. इंग्रजी अक्षरे त्यात निभावतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली जास्त जागा लागते. चौकटीवर राइट क्लिक करून फॉरमॅट शेप उघडा, लेआउट अँड प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट बॉक्सखाली चारही समास ० करा. मग परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळीनंतरचे अंतर ० आणि ओळींमधले अंतर सिंगल करा. अशी एक चौकट नीट जमली की बाकीची नावे तिच्याच प्रतींवर लिहा.

टाइप करा ते युनिकोडमध्येच. विंडोजमधले मंगल, कोकिला किंवा निर्मला यूआय यांपैकी काहीही चालेल. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली नावे तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन दिसतात, आणि प्रश्नपत्रिका छापायला आपण बहुधा दुसऱ्याच्याच संगणकावर देतो. आकृतीतल्या नावांना १० किंवा ११ पॉइंट पुरतात. झेरॉक्स होऊन आल्यावर त्याहून बारीक जोडाक्षरे वाचताना मुलांना त्रास होतो.

नाव किरणावर बसत असेल तर नाव हलवा, किरण नाही. माउसने जवळ आणून ठेवा आणि बाणांच्या कळांनी सरकवा. नावांच्या बाबतीत डोळ्याने जुळवणे चालते. दोन-तीन नावे एका ओळीत हवी असतील तर ती शिफ्ट दाबून निवडा आणि अलाइनमधून अलाइन टॉप करा.

एकत्र बांधा आणि ओळीत बसवा

आता पानावर वीस-पंचवीस सुटे तुकडे आहेत. होम टॅबच्या उजव्या टोकाला सिलेक्टमध्ये सिलेक्ट ऑब्जेक्ट्स आहे. ते निवडून आकृतीभोवती माउसने चौकोन ओढा म्हणजे सगळे तुकडे निवडले जातात. एखादा सुटला का हे पाहायचे असेल तर ऑल्ट आणि एफ१० दाबा, उजवीकडे सगळ्या आकारांची यादी उघडते. निवडलेल्यांवर राइट क्लिक करून ग्रुप करा.

आता रॅप टेक्स्टमधून या गटाला इन लाइन विथ टेक्स्ट करा. ही पायरी कृपया टाळू नका. नवा आकार मुळात मजकुराच्या वर तरंगत असतो. प्रश्न वाढला, ओळ कमी झाली की तो भलत्या प्रश्नावर जाऊन बसतो. इन लाइन केल्यावर आकृती एखाद्या मोठ्या अक्षरासारखी ओळीत बसते आणि मजकुराबरोबर सरकते. मग ती कॉपी करून प्रश्नपत्रिकेत स्वतंत्र ओळीवर पेस्ट करा आणि मध्यभागी घ्या.

पेस्ट केल्यावर आकृतीची फक्त खालची पातळ पट्टी दिसली तर घाबरू नका. त्या ओळीचे अंतर एक्झॅक्टली असे ठरवलेले असते, म्हणून वर्ड आकृती तेवढ्याच उंचीत कापतो. ओळींमधले अंतर सिंगल केले की पूर्ण आकृती दिसते. जागा वाचवण्यासाठी अंतर कमी केलेल्या प्रश्नपत्रिकांत हे फार होते.

गट ओढून लहान केला तर रेषा आखूड होतात, पण अक्षरे आणि रेषांची जाडी तेवढीच राहते, त्यामुळे नावे एकमेकांवर चढतात. थोडाच फरक असेल तर नावे पुन्हा जागेवर लावा. जास्त लहान करायची असेल तर गट कट करून पेस्ट स्पेशलमधून चित्र म्हणून चिकटवा. मग सगळे एकदम लहान होते, पण आत काही बदलता येत नाही. म्हणून मूळ फाइल जपायचीच.

एका आकृतीचे अनेक प्रश्न

मूळ फाइलची प्रत घ्या, नावांच्या जागी १, २, ३, ४ लिहा, आणि ‘आकृतीतील भागांना नावे द्या’ हा प्रश्न तयार. भिंगानंतरचे किरण आणि प्रतिमा काढून टाका, म्हणजे ‘आकृती पूर्ण करा’ होते. त्यात वस्तू आणि नाभी मापात असल्याने मुलाने पट्टीने काढलेले उत्तर ९ सेंमीवरच येते, आणि तपासणाऱ्यालाही पट्टी लावून गुण देता येतात. मात्र छापताना प्रिंटरच्या खिडकीत फिट टू पेजऐवजी अ‍ॅक्चुअल साइझ निवडा, नाहीतर सगळी मापे थोडी आक्रसतात. पीडीएफ करून पाठवणार असाल तर छापणाऱ्यालाही हे सांगून ठेवा.

किरणांना वेगवेगळे रंग देऊ नका. झेरॉक्समध्ये लाल आणि निळा दोन्ही करडेच येतात. फरक दाखवायचा तर एक किरण अखंड ठेवा आणि दुसऱ्याची जाडी बदला. तुटक रेषा आभासी प्रतिमेच्या किरणांसाठी राखून ठेवलेली बरी. मुलांना तिचा तोच अर्थ शिकवलेला असतो.

प्रवाह आकृतीसाठी थोडे वेगळे

विद्युत परिपथ, पेशी, बलांच्या दिशा अशा आकृत्या याच पद्धतीने होतात. चौकटी आणि बाणांची प्रवाह आकृती मात्र काढता काढता सतत बदलते. तिच्यासाठी शेप्सच्या यादीत सर्वांत खाली असलेला न्यू ड्रॉइंग कॅनव्हास घ्या आणि चौकटी त्याच्या आत काढा. कॅनव्हासमध्ये जोडरेषेचे टोक चौकटीच्या कडेवरच्या ठिपक्याला नेले की ते तिथे चिकटते. मग चौकट हलवली तरी रेषा मागे येते. कॅनव्हासच्या बाहेर वर्डमध्ये ही जोडणी होत नाही. चौकटींमधली अंतरे सारखी करायची तर त्या सगळ्या निवडून अलाइनमधून डिस्ट्रिब्यूट व्हर्टिकली करा.

शाळेत लिबरऑफिस असेल तर

लिबरऑफिस रायटर मोफत आहे आणि अनेक शाळांत लिनक्सबरोबर तेच असते. त्यातही हे सगळे होते. आकार इन्सर्टमधल्या शेपमध्ये मिळतात. आकार निवडून एफ४ ही कळ दाबली की जागा आणि माप एकाच खिडकीत लिहिता येतात, त्यामुळे आकड्यांनी काम करायला ते वर्डपेक्षाही सोयीचे वाटते. गट केल्यावर इन लाइनऐवजी अँकरमध्ये अ‍ॅज कॅरेक्टर निवडायचे. वर्डमध्ये काढलेली आकृती रायटरमध्ये उघडताना टेक्स्ट बॉक्स थोडे सरकू शकतात, म्हणून दोन्हीकडे वापरायची फाइल छापण्याआधी एकदा पाहून घ्या किंवा पीडीएफच पाठवा.

वर्गात दृष्टिबाधित मूल असेल आणि ते एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अभ्यास करत असेल, तर गटावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये आकृतीचे वर्णन लिहा. ‘भिंगाची आकृती’ एवढे लिहून त्या मुलाला काहीच कळत नाही. ‘बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर ३ सेंमी, भिंगाच्या डावीकडे ४.५ सेंमीवर १.५ सेंमी उंचीची वस्तू’ असे लिहा. मग त्यालाही बाकीच्यांसारखाच प्रश्न सोडवता येतो.